रंजन न करणारा नाद

बीड जिल्ह्यात धर्म कानावर येतो तो शब्दांतून. गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह, नारायणगड-गहिनीनाथगडावरची कीर्तनं, काल्याच्या दिवशी मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली माणसं, आणि अलीकडे मोबाइलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांनी फिरणारी कीर्तनकारांची वाक्यं. इथला श्रोता अर्थ ऐकायला बसतो. महाराजांनी अभंगाचं एक चरण घ्यावं, दोन तास ते उलगडावं, मधेच सासू-सुनेवर घसरावं, हशा पिकवावा आणि शेवटी विठ्ठलाच्या पायाशी आणून सोडावं, ही त्याची अपेक्षा. अशा मुलखात कुणी म्हटलं, की शब्दच नसलेलं, काळोखं, खवळलेलं, पहिल्यांदा ऐकताना कान झाकून घ्यावेसे वाटतील असं वाद्यसंगीत ऐका, आणि तेही परमार्थाच्या अंगानं ऐका, तर उत्तर तयार असतं : यात देव कुठं आला?

प्रश्न रास्त आहे. त्याचा निकाल लावायला पॅरिस-न्यूयॉर्ककडे पाहण्याआधी सप्ताहाच्याच मांडवात थोडं थांबायला हवं.

सप्ताह बसला की वीणा उभी राहते. सात दिवस, रात्रंदिवस, ती खाली टेकवायची नाही. वीणेकऱ्यांचे पहारे लावलेले असतात. एकाच्या गळ्यातून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, एकमेकांच्या पाया पडणं होतं, सुटलेला माणूस चहाला जातो. या वीणेवर चाल वाजवत नाहीत. मोकळ्या तारा तेवढ्या छेडत राहायच्या. रात्रीचं कीर्तन उरकलेलं, पंगती उठलेल्या, सतरंजीवर चार माणसं घोरत पडलेली. काकड्याच्या आधीच्या त्या दोन-तीन तासांत वीणेकरी नेमकं काय करत असतो? तोंडानं 'रामकृष्णहरी' चालू असतंच, पण झोपेनं शब्दाच्या कडा झिजतात आणि नुसता हुंकार उरतो. तार मात्र थांबून चालत नाही.

ला माँट यंग या अमेरिकन संगीतकारानं १९६० साली एक रचना लिहिली. तिच्यात स्वर दोनच आणि सूचना एकच : बराच वेळ धरून ठेवा. पुढे त्यानं आणि मॅरियन झझीला या त्याच्या पत्नीनं 'ड्रीम हाउस' नावाची जागाच उभी केली. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर १९९३ पासून असलेल्या त्या जागेत न बदलणारे सूर यंत्रातून एकसारखे चालू असतात, आणि माणसं येऊन त्यात बसतात. ही दोघं १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांची शिष्य झाली होती, तेव्हा धागा इकडचाच आहे. न्यूयॉर्कात ज्याला प्रयोग म्हणतात त्याला पाटोद्यात पहारा म्हणतात.

पण एकसुरी तार ही शांत गोष्ट. तिला भक्तीत जागा द्यायला कुणाची हरकत नसते. खरी अडचण वादळाशी आहे.

ही अडचण पंडित रविशंकरांनाही आली होती. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९५७ मध्ये दारू आणि हेरॉइन सोडून अध्यात्माकडे वळला. डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला 'अ लव्ह सुप्रीम' त्यानं देवालाच वाहिला. भारतीय संगीताचं त्याला इतकं वेड, की १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. पण त्या काळात त्याचं संगीत दिवसेंदिवस खवळत गेलं. 'असेन्शन', 'मेडिटेशन्स' ही १९६५ची ध्वनिमुद्रणं ऐकताना सॅक्सोफोन गातो आहे की आकांत करतो आहे हे कळत नाही. दोघांची भेट झाली होती. कोल्ट्रेनच्या संगीतातल्या खळबळीनं आपण अस्वस्थ झालो, एवढा अध्यात्माकडे वळलेला माणूस आणि त्याच्या वादनात इतकी अशांती कशी, असं वाटल्याचं रविशंकरांनी पुढे बोलून दाखवलं. कोल्ट्रेन १९६७ मध्ये चाळिशीतच गेला आणि त्यांच्याकडे रीतसर शिकायचं राहून गेलं.

रविशंकरांच्या अस्वस्थतेमागे एक जुनं गृहीत आहे : जो देवाजवळ गेला त्याचा सूर निवळतो. हे गृहीत कुठून आलं हे पाहायला गेलं तर माणूस थेट देवगिरीला पोहोचतो, आणि तिथून आंबेजोगाईला.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळ काश्मीरचं, काम राज्याच्या हिशेबाचं. त्यानं लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती आपला मानतात असा ग्रंथ. त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचा वावर आंबेजोगाईत. त्याच्या नावाचं देऊळ तिथं आहे आणि शिलालेखही. म्हणजे ग्रंथ लिहिला जात होता तेव्हा आजचा बीड जिल्हा त्याच दरबाराच्या छायेत होता.

शार्ङ्गदेव दोन गोष्टी ठरवून टाकतो. पहिली : नृत्य वाद्यामागून चालतं आणि वाद्य गीतामागून, म्हणून प्रधान गीत. दुसरी अधिक महत्त्वाची. नाद दोन प्रकारचा, आहत आणि अनाहत. अनाहत म्हणजे आघाताशिवाय उमटणारा. मुनी गुरूनं दाखवलेल्या वाटेनं त्याची उपासना करतात, तो मुक्ती देतो, पण त्यात रंजकता नाही, म्हणून माणसांचं मन त्यात रमत नाही. आहत म्हणजे वाजवलेला, गायलेला. तो लोकांचं रंजनही करतो आणि भवबंधनही तोडतो. म्हणून आपण आहताचंच विवेचन करू, असं म्हणून तो कामाला लागतो. हिशेबनीसच तो, त्यानं दोन खाती पाडली आणि वही मिटली.

पण एक खातं राहिलं. आघातानं निर्माण झालेला, तरीही रंजन न करणारा नाद कुठं मांडायचा? कोल्ट्रेनचा 'असेन्शन' त्या खात्यातला. विसाव्या शतकात ज्याला प्रयोगशील, पुरोगामी किंवा प्रोग्रेसिव्ह म्हटलं गेलं त्या संगीताचा काळा, वादळी भाग सगळा त्याच खात्यातला. आणि गंमत अशी, की बीड जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत हे खातं फार आधीपासून उघडलेलं आहे.

आष्टी तालुक्यातल्या सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे; मायंबा म्हणून लोक ते ठिकाण ओळखतात. पाटोद्याकडे गहिनीनाथगड, रायमोह्याजवळच्या येवलवाडीला जालिंदरनाथ, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की लगेच पाथर्डी तालुक्यात मढीचे कानिफनाथ. नवनाथांपैकी चौघांची ठिकाणं एका दिवसात मोटारसायकलवर होतील इतक्या जवळ. यातले गहिनीनाथ निवृत्तिनाथांचे गुरू, म्हणजे ज्ञानेश्वरांचे आजेगुरू. 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी आणि अनाहताचं जे वर्णन येतं ते याच वाटेवरचं. आज गहिनीनाथगडावर वामनभाऊंच्या नावानं वारकरी कीर्तनाचा गजर असतो, आणि नाथांच्या गडावर शब्दानं मांड ठोकली म्हणून कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटूही नये. पण खालचा थर नादाचा आहे. नाथपंथी जोगी गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्यात शिंगी घालतो, हरणाच्या शिंगाची बोटभर शिटी. देवापुढे, गुरूपुढे आणि जेवणाआधी ती फुंकायची. जेवणाआधी कुणी श्लोक म्हणतं, हा शिटी वाजवतो.

या पंथाची वाट सांगणारा 'हठप्रदीपिका' हा पंधराव्या शतकाच्या सुमाराचा ग्रंथ स्वात्मारामानं लिहिला. मत्स्येंद्र आणि गोरक्ष यांची नावं तो सुरुवातीलाच आदरानं घेतो. चौथ्या उपदेशात नादानुसंधान येतं : कान बंद करून आत काय ऐकू येतं त्याकडे लक्ष द्यायचं. काय ऐकू येतं त्याची तो क्रमवार यादी देतो. आधी समुद्र, मेघगर्जना, भेरी आणि झर्झर. मधे मर्दल, शंख, घंटा आणि काहल. शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंग्याचा गुंजारव.

ही यादी दोनदा वाचावी अशी आहे. तिच्यात माणसाचा आवाज कुठंच नाही. गाणं नाही, मंत्र नाही, नाव नाही. आहेत ती वाद्यं, आणि जोडीला समुद्र, ढग आणि एक कीटक. दुसरं म्हणजे सुरुवात वादळानं आहे. बासरी आणि वीणा, ज्यांना लोक भक्तिसंगीत म्हणून ओळखतात, त्या अगदी शेवटी येतात. आधी येतो तो खवळलेला दर्या. जो देवाजवळ जातो त्याचा सूर निवळतो हे रविशंकरांचं गृहीत चूक नाही, पण ते शेवटच्या पायरीचं वर्णन आहे. कोल्ट्रेन पहिल्या पायरीवर उभा होता इतकंच. तिथं शांत आवाज काढणारा खोटं बोलत असतो.

इथं घसरायला मात्र नको. स्वात्माराम अंतर्नादाबद्दल बोलतो आहे, गिटारच्या तारेबद्दल नाही. बाहेरचं संगीत ऐकलं की आतला नाद जागा होतो असा सोपा पूल बांधणारी पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत आणि ती वाचली नाहीत तरी चालेल. पण त्याच उपदेशातली एक सूचना बाहेरच्या श्रोत्यालाही जशीच्या तशी लागू पडते : ढगांचा, भेरीचा मोठा आवाज होत असला तरी लक्ष त्यातल्या सूक्ष्माहून सूक्ष्म नादाकडे ठेवावं. काळोखं, खडबडीत वाद्यसंगीत कसं ऐकायचं याचं याहून नेमकं मार्गदर्शन कुठल्याही रेकॉर्डच्या वेष्टनावर सापडणार नाही.

नाथांची वाट एकांताची. वादळाला चव्हाट्यावर आणलं ते देवीनं.

आंबेजोगाई तसं शब्दांचं गाव. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी इथं, आणि सोळाव्या शतकातल्या दासोपंतांनी तर चाळीसेक फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरण लिहून काढलं. त्याच गावात योगेश्वरी आहे, कोकणस्थांची कुलदेवता असूनही घाटावर मराठवाड्यात बसलेली. तिची कथा सर्वांना ठाऊक आहे : परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचा दगड झाला आणि देवी कुमारीच राहिली. गावाजवळच्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असं सांगतात. मारवा राग जसा षड्जाभोवती घिरट्या घालतो आणि त्यावर टेकायचं टाळतो, तशी ही कथा लग्नाभोवती फिरते.

देवीपुढे वाजतं ते संबळ. एकमेकांना बांधलेली दोन भांडी, एक मोठं नि एक लहान, दोन्हीवर कातडं. कापडानं कमरेला अडकवलेली. काड्या दोन, त्यातल्या एकीचं टोक वाकवलेलं. लहान भांड्याचा आवाज कोरडा, चटचटीत, कानाच्या पडद्यावर थेट बसणारा. मोठ्याचा घुमणारा, खालून पोटात येणारा. दोहोंच्या मधे काहीच नाही. गोड, मध्यम, कानाला टेकायला जागा देणारा पट्टाच या वाद्यात नाही. त्याच्या जोडीला आराधी-जोगत्यांचं चौंडकं आलं तर विचारायलाच नको. पोकळ नळकांड्याच्या एका तोंडाला कातडं, त्याच्या मधोमध बांधलेली तार नळकांड्यातून बाहेर काढलेली. नळकांडं काखेत दाबायचं, एका हातानं तार ताणायची, दुसऱ्यानं छेडायची. ताण बदलला की सूर घसरत वर जातो आणि घसरत खाली येतो, सात स्वरांतल्या कुठल्याच घरात न थांबता. युरोपातल्या प्रयोगशील संगीतकारांनी विसाव्या शतकात स्वर सोडून अशा घसरत्या आवाजांवर अख्ख्या रचना उभ्या केल्या. पोलंडच्या पेंडेरेत्स्कीची १९६० च्या सुमाराची, हिरोशिमाच्या बळींना वाहिलेली रचना ५२ तंतुवाद्यांची आहे आणि त्यात चाल म्हणावी असं काही नाही.

गोंधळी आपल्या वाद्याची जी उत्पत्ती सांगतात तीही काही सौम्य नाही. परशुरामानं बेटासुर मारला, त्याच्या मस्तकातून शिरांचे तंतू ओवून वाद्य केलं आणि ते आई रेणुकेपुढे वाजवलं. देवीपुढचं पहिलं वाद्य मेलेल्या शत्रूच्या डोक्याचं. हेवी मेटलच्या रेकॉर्डवरच्या कवट्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी ही कथा एकदा गोंधळ्याच्या तोंडून ऐकावी.

हलगीची गोष्ट वेगळी आणि अधिक कडू. कड्यावर ताणलेलं कातडं, वाजवण्याआधी जाळावर धरून तापवायचं, मग दोन काड्यांनी वाजवायचं. लग्न, जत्रा, पोळा, मयत, सगळीकडे हलगी लागते. ती वाजवण्याचं काम गावगाड्यानं मुख्यतः मातंग समाजावर टाकलं. देवीची पालखी हलगीशिवाय हलत नसे आणि हलगीवाला मात्र देवळाच्या पायरीखाली. आंबेडकरी चळवळीनं गावकीची कामं सोडायला सांगितल्यावर अनेकांनी वाजवणंही सोडलं. कलेचा त्याग केला म्हणून त्यांना दोष देणारा माणूस बहुधा कधी पायरीखाली उभा राहिलेला नसतो. तेव्हा 'आपल्या परंपरेतला आदिम नाद' वगैरे लिहिताना जरा जपून. ज्याला नाद म्हणायचं तो कुणाच्या तरी डोक्यावर लादलेला होता.

तर ऐकायचं काय?

सुरुवात महाविष्णू ऑर्केस्ट्रापासून करावी. जॉन मॅकलॉफ्लिन हा यॉर्कशरचा गिटारवादक. महाविष्णू हे नाव त्याला गुरू श्रीचिन्मय यांनी दिलं. १९७१ चा 'द इनर माउंटिंग फ्लेम' हा त्यांचा पहिला आल्बम. शब्द एकही नाही. गिटार, व्हायोलिन आणि कीबोर्ड एकमेकांवर तुटून पडतात, बिली कोबमचे ड्रम खाली विषम मात्रांचे ताल धरून असतात. झपताल-रूपकाची सवय असलेल्या कानाला यातला हिशेब पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा लवकर लागतो. हाच मॅकलॉफ्लिन पुढे झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबर 'शक्ती'त निवळला. समुद्र आधी, वीणा नंतर.

मग किंग क्रिमझन या बँडचा 'रेड', १९७४. पहिली रचना पूर्ण वाद्यांची, नावही 'रेड'च. शेवटची 'स्टारलेस' शब्दांनी सुरू होते आणि शब्द संपल्यावर खरी उघडते : तेरा मात्रांच्या आवर्तनावर गिटारवादक रॉबर्ट फ्रिप एकेक स्वर धरून बसतो आणि इंचाइंचानं वर चढतो. मिनिटामागून मिनिट ताण वाढत राहतो आणि सुटत नाही. ही रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच फ्रिपनं बँड मोडला होता. गुर्जिएफ या आध्यात्मिक गुरूच्या परंपरेतल्या जे. जी. बेनेट यांचं वाचून तो हलला होता, आणि पुढे इंग्लंडमधल्या शेरबोर्न हाउस या त्यांच्या साधनास्थळी जाऊन महिनोन्‌महिने राहिला. हे कळल्यावर 'स्टारलेस' वेगळी ऐकू येते, पण न कळताही ती पुरेशी आहे.

तिसरी शिफारस बेल्जियमच्या युनिव्हर्स झीरोची, आणि तिच्यात बीडकरांचं एक ओळखीचं माणूस आहे : पेटी. ड्रमवादक डॅनियल डेनिसच्या या चमूनं बासून, व्हायोला अशा वाद्यांच्या जोडीला हार्मोनियम घेतलं. भजनात जी पेटी माणसाला घरी आल्यासारखं वाटायला लावते तीच इथं, लांब धरलेल्या खर्जात, अंगावर येते. १९७९ च्या 'हेरेसी'तली पहिली रचना पंचवीस मिनिटांची. रात्री एकट्यानं ऐकू नये असं काहीजण सांगतात. ऐकावी, पण दिवा लावून.

फ्रान्सचा ख्रिस्तियान व्हान्दे कोल्ट्रेनच्या मृत्यूनं मुळापासून हादरला होता. त्यानं १९६९ मध्ये 'माग्मा' हा बँड काढला आणि त्यासाठी कोबायन नावाची भाषाच बनवली. तिथं गाणं आहे, पण अर्थ श्रोत्याला कळावा अशी अपेक्षा नाही. अर्थ न कळता मंत्र पुटपुटणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

याच फ्रान्सची एलियान रादिग. तिबेटी बौद्ध साधनेत शिरल्यावर तिनं काही काळ संगीत बंदच ठेवलं होतं. परतल्यावर १९८८ ते १९९३ या काळात एका सिंथेसायझरवर तिनं मृत्यूविषयीच्या तीन दीर्घ रचना केल्या. तीन तासांच्या या कामात ऐकताना वाटतं काहीच बदलत नाही, आणि पाच मिनिटांनी लक्षात येतं सगळंच बदललं. मधल्या रचनेचं नाव 'कैलाश', आणि ती मुलाच्या मृत्यूनंतरची. वैजनाथाच्या परळीत ती ऐकली जावी असं वाटतं. ज्या गावात राख देवळातल्या भस्माचीही आहे आणि वीज केंद्राच्या चिमण्यांचीही, त्या गावाला या रचनेची प्रस्तावना लागणार नाही.

परदेशी नावांनी ज्यांचा जीव दडपतो त्यांनी उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्या रुद्रवीणेपासून सुरू करावं. पनवेलजवळ पळस्पे इथं त्यांचं गुरुकुल होतं. १९९० मध्ये ते गेले. वीणेचे भोपळे त्यांनी मोठे करून घेतले, तारा जाड केल्या, आणि खर्ज असा खोल नेला की चांगल्या स्पीकरवर तो ऐकण्याआधी जाणवतो. आलाप तासभर चालतो, ना शब्द ना ठेका. हे संगीत काळं आहे म्हटलं तर रसिक रागावतील, पण विहिरीच्या पाण्यासारखं ते काळंच आहे.

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त प्रत्येक रसाला रंग आणि देवता आहे. भयानक काळा, त्याचा देव काल. बीभत्स निळा, त्याचा देव महाकाल. रौद्र तांबडा आणि रुद्राचा. काळ्या रसांनाही देवता नेमून दिलेली असताना पुढे सगळं भक्तिसंगीत शृंगार, करुण आणि शांत यांतच कसं आटोपलं हे कोडंच आहे. भीती पाहण्यात-ऐकण्यात सुख का मिळतं, याचं उत्तर भट्टनायकानं आणि त्यानंतर अभिनवगुप्तानं साधारणीकरणात शोधलं : नाटकातली भीती माझी नसते, तुझी नसते, शत्रूची नसते, ती मालकीतून सुटलेली असते. हा विचार पुढे नेला तर वाद्यसंगीत त्याचं सर्वांत शुद्ध उदाहरण ठरतं. कीर्तनातल्या आख्यानात भीती प्रल्हादाची असते. 'स्टारलेस'मध्ये ती कुणाचीच नसते. पावसानं ओढ दिलेल्या ऑगस्टात आष्टीतल्या शेतकऱ्याला, किंवा दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या जोडप्याला, भीती म्हणजे काय हे रेकॉर्ड लावून शिकवायची गरज नाही. पण आपली भीती आपल्याहून सुटी होऊन समोर वाजते आहे, असा अनुभव शब्द क्वचितच देऊ शकतात, कारण शब्द लगेच नाव, गाव, कर्जाचा आकडा विचारतात.

म्हणून जे जे काळं आणि कर्कश ते ते पवित्र असं मुळीच नाही. जून १९९२ मध्ये नॉर्वेत बर्गनजवळचं फॅन्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं; तिथल्या ब्लॅक मेटल संगीताच्या गोतावळ्यातल्या काही तरुणांनी पुढे अशी आणखी चर्चेस जाळली. अंधाराची पूजा करता करता काडी ओढली. आणि घराजवळ पाहायचं तर मिरवणुकीतला डीजे आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. डीजेच्या भिंतीसमोर ते आकडे विनोदी वाटतात. त्यानं खिडक्या हादरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, पण सूक्ष्माकडे लक्ष न्यायला तिथं सूक्ष्म काही शिल्लकच नसतं. स्वात्मारामाची कसोटी इथं उपयोगी पडते. गोंगाटाच्या आत ऐकण्यासारखं काही आहे का? 'हेरेसी'त आहे, संबळात आहे, डीजेत नाही.

वारकऱ्याचा आक्षेप मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही, आणि तो देव कुठं आला हा नव्हे. तो असा : शब्द साक्ष ठेवतो. परळीजवळच्या गंगाखेडची जनाबाई दळणकांडण करणारी दासी. तिचं नाव सातशे वर्षं टिकलं ते अभंगांमुळे. चोखोबांनी देवळाबाहेरून जे विचारलं ते आजही कीर्तनकाराला चुकवता येत नाही, कारण ते शब्दांत आहे. हलगीवाल्यांनी त्याच पायरीखाली पिढ्यान्‌पिढ्या जे वाजवलं त्यात राग नव्हता, दुःख नव्हतं असं कोण म्हणेल? पण ते हवेत गेलं, आणि वाजवणाऱ्यांची नावंही त्याबरोबर गेली. नादाला मालक नसतो हे अभिनवगुप्ताच्या दृष्टीनं सुख असेल. ज्याच्या हातून तो वाजला त्याच्या दृष्टीनं तो तोटा आहे. नादाची बाजू घेणाऱ्याला हा हिशेब चुकता करावाच लागतो, आणि पुस्तकातून तो होत नाही.

थोडाफार होतो आहे तो भलत्याच जागी. लग्नसराईत तालुक्याच्या गावांतून बेंजो पार्ट्या फिरतात. त्यातलं मुख्य वाद्य म्हणजे १९१२ मध्ये जपानात निघालेल्या ताइशोगोतोचा हिंदुस्थानी अवतार, कर्ण्याला जोडलेला. त्यांच्या शेजारी हलगी-संबळाचे ताफे आहेत. ही पोरं आपल्या वादनाचे व्हिडिओ स्वतःच काढून मोबाइलवर टाकतात. त्यात गाणं नसतं, निवेदन नसतं. चार-पाच मिनिटं नुसती हलगी, जाळावर तापवण्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत, आणि खाली ठळक अक्षरांत वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि सुपारीसाठी फोन नंबर.